डोळ्यांवर मिळालेली बढती

माझ्या आयुष्यातली एकुलती एक बढती मला आजारानं मिळवून दिली. शिक्षण नववी नापास, वशिला कुणाचा नाही, अंगात हुन्नर म्हणावा तर मेंढरं वळण्याचा. तरी मी कंपनीच्या गेटवर खाकी टोपी घालून उभा राहिलो, कारण माझ्या गळ्यातल्या एका लहानशा ग्रंथीचं डोकं फिरलं आणि माझे डोळे खोबणीतून बाहेर आले. कष्टानं माणूस वर जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचून उगाच वेळ घालवू नये.

आमचं घर पडेगावचं. बाप मेंढरं राखायचा, त्याचा बापही तेच करायचा. काठी टाकून डबा धरणारा घरातला पहिला मी. चिकलठाण्याला तेव्हा एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या आणि सकाळी जालना रोडवर सायकलींची अशी गर्दी व्हायची की त्यापेक्षा मेंढरं शिस्तीत चालतात. पितळी तोट्या बनवणाऱ्या एका कंपनीत मला बफिंगला, म्हणजे तोट्या चाकावर घासून चकचकीत करायच्या कामाला, हेल्पर म्हणून घेतलं, टेम्पररी. मुकुंदवाडीत एक खोली केली आणि बायकोला आणलं. शेजारच्या खोलीत माझ्याच बाजूच्या मशीनवरचा एक जण राहायचा, करमाडकडचा. एका काडीत आम्ही दोघांच्या बिड्या पेटवायचो. त्याचं घर गावकुसाबाहेरचं होतं हे मला माहीत होतं, आणि बाप आला की मी त्याची ओळख 'कंपनीतला माणूस' एवढीच करून द्यायचो. शहरात येऊन मी सुधारलो होतो तो एवढाच.

दुसऱ्या वर्षी मला भूक लागायला लागली. बायको भाकरी थापून दमायची आणि मी खाऊन दमत नव्हतो, पण अंगावर मांस म्हणून चढेना. छातीत धडधड, हात थरथर, ऐन थंडीत घाम. फोरमनला वाटलं मी पितो. बायकोला वाटलं माझं बाहेर काहीतरी आहे. निरोप गेला तसा बाप आला. त्यानं मला चाळीसमोर उन्हात उभं केलं, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि आत बघितलं. मेंढीला जंत झालेत का हे तो असंच बघायचा. पापणी आतून पांढरी पडली की जंत.

"लाल हाय," तो म्हणाला. "जंत नाय."

मग त्यानं गळा चाचपला, तिथं थोडी सूज होती. दात बघायला तो तोंड उघडायला लावणार होता, तेवढं मी होऊ दिलं नाही. "मेंढरू आसतं तर बाजारात काढलं आसतं," असं सुनेला सांगून तो गेला. पुढं मला अनेकांनी तपासलं. सगळ्यात स्पष्ट बोलला तो हाच.

डोळ्यांचं आधी कौतुक झालं. मेहुणी म्हणाली, दाजी, डोळे लई टपोरे दिसाया लागले. चार महिन्यांत टपोरेपणा इतका वाढला की कौतुक करणारे माझ्यापासून थोडं लांब बसायला लागले. रात्रपाळी करून दुपारी झोपलो की पापण्या मिटत नसत, आणि बायको मला हलवून बघायची, जिवंत आहे का म्हणून.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं मोठ्या माणसापुढं उभं राहायचं ते डोळे खाली घालून. पाटलापुढं, तलाठ्यापुढं, सासऱ्यापुढं, आणि कंपनी आली तसं फोरमनपुढंही. ही अक्कल आम्हाला बाराखडीच्या आधी येते. फोरमन ओरडला की मी सवयीनं खाली बघायचो. बुबुळ खाली जायचं, वरची पापणी मात्र वरच अडकून राहायची आणि मधला पांढरा भाग उघडा पडायचा. म्हणजे मी जेवढा नमायचो तेवढे माझे डोळे वटारलेले दिसायचे. फोरमन म्हणायचा, "डोळे खाली कर." मी आणखी खाली करायचो. त्याचा आवाज आणखी चढायचा. आज्ञाधारकपणामुळं शिव्या खाणारा त्या शेडमधला मी एकटाच असेन.

आणि दिवस असे होते की कोण कुणाकडं कसं बघतो यावर सगळ्या मराठवाड्याचं लक्ष होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गेला होता, गावोगावी त्यापायी घरं जळली होती, आणि नाव काही बदललं नव्हतं. आमच्या वस्तीवर विद्यापीठाची पायरी चढलेला एकही माणूस नव्हता. विद्यापीठामागच्या डोंगराला मेंढरं चारली, एवढंच आमचं उच्च शिक्षण. पण विद्यापीठाचं नाव काय असू नये, याबद्दल सगळ्यांचं मत पक्कं होतं. खरी तक्रार नावाची नव्हतीच. "ती लोकं आता तोंडाकडं बघून बोलत्यात," ही होती. माझा बापही हे बोलायचा, ज्याला स्वतःला पाटलाच्या वाड्यावर उंबऱ्याच्या आत कधी कुणी घेतलं नव्हतं. नाव बदलून काय होतं, असं तेव्हा विचारणारे बरेच जण पुढं शहराचंच नाव बदललं तेव्हा पेढे वाटत फिरले. असो. माणसाला नावाचं महत्त्व उशिरा कळतं.

तर फोरमननं तक्रार केली की हे पोरगं बिघडलं, युनियनमध्ये गेलंय, वर डोळे काढतं. मला पर्सनल ऑफिसरसमोर उभं केलं. साहेब पुण्याचे, बोलणं मऊ, चष्म्याची काच सारखी पुसायची सवय. मी भीतीनं डोळे खाली घातले. साहेबांनी वर बघितलं आणि खुर्ची चार बोटं मागं सरकवली. मग ते हसले.

"हा बफिंगला काय करतोय?" ते फोरमनला म्हणाले. "गेटवर असाच माणूस हवा. रोज बंद, रोज मोर्चा. आणि तू रे, बोलू नकोस कुणाशी. नुसता बघत जा."

अशी माझी बढती झाली. टोपी, काठी, शिट्टी, आणि नीट वागलास तर पर्मनंट करू असा शब्द. माझं काम सुटीच्या वेळी डबे तपासायचं. पितळेचे तुकडे घरी जातात असा कंपनीला संशय होता. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या टर्नरकडं मी बघितलं, आणि मी काही विचारायच्या आत त्यानं आपणहून भाकरीखालची तोटी काढून माझ्या हातावर ठेवली. साहेब खूश झाले. त्यांना हे माहीत नव्हतं की मला त्या वेळी एकाचे दोन दिसत होते आणि समोरच्या दोन म्हाताऱ्यांपैकी झडती कुणाची घ्यायची, याचा मी विचार करत होतो.

खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. लहानपणापासून सगळ्यांना भिणारा मी, आता लोक मला भीत होते. ज्या फोरमनपुढं मी उभा राहायचो तो आता येताना-जाताना 'काय, बरंय ना' म्हणायचा. एका जागी उभं राहायचं काम, त्यामुळं बिड्याही वाढल्या.

दवाखान्यात मला बायकोनं नेलं, अक्षरशः हाताला धरून. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला बसवलं आणि पेन समोर धरून हळूहळू खाली नेलं. "बघा, पापणी मागं राहते," त्या म्हणाल्या, आणि दहा-बारा शिकाऊ डॉक्टर माझ्याभोवती जमले. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर शिव्या खाल्ल्या, ती त्यांनी वहीत उतरून घेतली. बाई मला 'तुम्ही' म्हणाल्या. मोठ्या माणसानं मला 'तुम्ही' म्हणायची ती पहिली वेळ.

त्यांनी समजावलं ते मला लगेच कळलं, कारण त्यांनी आमचा धंदा विचारून घेतला होता. शरीराची राखण करणारी एक यंत्रणा असते, रोगजंतूंवर सोडलेली. कधी ती बिघडते आणि राखणीचं कुत्रं कळपातच तोंड घालतं. आधी गळ्यातल्या ग्रंथीला चावतं, ग्रंथी पिसाळल्यासारखी काम करते, म्हणून भूक, घाम, धडधड. मग तेच कुत्रं डोळ्यांच्या मागं जातं. तिथलं मांस आणि चरबी सुजते, हाडाच्या खोबणीत जागा असते तेवढीच, मग डोळा बाहेर येतो. हे का होतं, तर थोडं रक्तात असतं, थोडं नशिबात, आणि बरंचसं तुमच्या खिशात. असं म्हणून बाईंनी माझ्या खिशातलं बिडीचं बंडल दोन बोटांनी काढलं आणि टोपलीत टाकलं. "धुरानं हा आजार भडकतो. औषध मी देते, पण हे बंद केल्याशिवाय काही खरं नाही."

गळ्यासाठी गोळ्या, डोळ्यात मलम, झोपताना पापण्यांवर चिकटपट्टी. शेवटी त्यांनी औषधाच्या बाटलीचं तांबडं टोपण आधी डाव्या डोळ्यापुढं धरलं, मग उजव्या. "सारखंच तांबडं दिसतं?" सारखंच दिसत होतं. "उजव्याची नस दाबली जातेय अशी मला शंका आहे. उजव्यानं तांबडं फिकं दिसायला लागलं की त्याच दिवशी यायचं. त्याच दिवशी. उशीर केलात तर हा डोळा जाईल."

आता आजकाल काय निघालंय तेही ऐका. माझा सध्याचा डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा आहे आणि मला बघून त्याला फार वाईट वाटतं, मी तेव्हा आजारी पडायची घाई केली म्हणून. डोळ्यामागच्या पेशींवर म्हणे एक कळ असते. आजारात ती दाबली जाते आणि सूज सुरू होते. नवं औषध ती कळच बंद करतं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं, आणि बऱ्याच जणांचे डोळे हाड न कापता आत जातात. फक्त काहींना त्यानं ऐकायला कमी येतं, काहींची साखर वाढते. म्हणजे डोळ्यावरचं कानावर, पण तक्रार करायची नाही. आपल्याकडं ते मिळणं अवघड, आणि किंमत अशी की ऐकतानाच कान गेलेले बरे. त्याशिवाय संधिवाताचं एक इंजेक्शन आणि कोलेस्टेरॉलची साधी गोळीही या आजाराला लागू पडते का, हे तपासून बघतायत. सौम्य आजाराला सेलेनियमच्या गोळ्या देतात. आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर तो पोरगाही शेवटी हेच म्हणाला, की सिगरेट-बिडी सोडणं पहिलं. विज्ञान इतकं पुढं गेलं आणि येऊन थांबलं कुठं, तर खिशातल्या बंडलापाशी.

मी बिडी सोडली नाही. गोळ्याही अर्ध्याच घेतल्या. कारण सरळ होतं: डोळे आत गेले तर मी बाहेर. बफिंगची धूळ, फोरमनच्या शिव्या आणि टेम्पररीला मधूनमधून बिनपगारी घरी बसवणारा ब्रेक माझी वाट बघत होते. कुणाला आपला आजार बरा होईल याची भीती वाटत असेल यावर विश्वास बसत नाही ना? मला रोज वाटायची.

गेटच्या आत आगीसाठी वाळू भरलेल्या तांबड्या बादल्या टांगलेल्या होत्या. एके दिवशी डाव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून मी तो चोळत उभा राहिलो आणि नुसत्या उजव्यानं बादल्यांकडं बघितलं. त्या विटकरी दिसल्या. दोन दिवसांनी मातकट. मी त्याच दिवशी गेलो नाही. नेमलेल्या तारखेला गेलो तेव्हा बाईंनी पुन्हा ते टोपण धरलं. "सारखंच तांबडं?"

"सारखंच," मी म्हणालो. बायको माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतला तो माझा जोडीदार नामांतराच्या मोर्चाला गेला. रजा मागितली तर मिळणार नाही हे माहीत असल्यानं न मागता गेला, चार दिवस. परत आला तर त्याचं हजेरीचं कार्ड रॅकमधून काढलेलं. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "त्याला आत सोडायचं नाही. वाद घालू नकोस. बघ त्याच्याकडं, म्हणजे जाईल."

दोन दिवस मी बघितलं आणि तो समोरच्या पानटपरीशी उभा राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळची पाळी आत गेल्यावर तो थेट गेटच्या गजांपाशी आला.

"साहेबाला भेटायचंय."

"साहेब नाय."

"गाडी तर हाय की."

मी बघितलं, नोकरीतलं होतं नव्हतं ते सगळं कसब लावून बघितलं. तो हलला नाही. उलट आणखी जवळ आला आणि माझ्या एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्या. डॉक्टरीणबाई सोडून इतका वेळ माझ्या डोळ्यांत कुणी बघितलं नव्हतं.

"उजव्यातून पाणी गळतंय तुझ्या," तो म्हणाला. "रंग कळत्यात का त्यानं?"

रंगांचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"माझ्या मायचं आसंच झालं व्हतं," तो म्हणाला. "डोळे भाईर. खाली बघितलं तरी पांढरं दिसायचं. पाटलाच्या खळ्यावर जायची ती कामाला. तिथं म्हणले, ही बाई डोळे वटारती. ती बिचारी आणखी खाली बघायची. एक दिवस रुमण्यानं मारलं तिला, समद्यांसमोर. तवापासनं पदर हनुवटीपर्यंत वढून बसायची, घरात बी. पदराखाली काय चाललंय ते आम्ही बघितलंच नाय. एकदा म्हणली, ह्या लुगड्याचा रंग लई उतरला. लुगडं नवं व्हतं, लालभडक. आम्ही हसलो तिला. म्हैन्यात त्यो डोळा गेला. मग दुसरा."

औताचं रुमणं किती जड असतं ते मला माहीत होतं.

"बफिंगला व्हतास तवाच तुला सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "पण तू गेटवर आलास. मग तुझ्याशी बोलनार कोण?"

आजाराला जात नसते असं डॉक्टर म्हणतात, आणि ते खरंच असणार. तीच ग्रंथी, तीच सूज, तीच वर अडकलेली पापणी. त्याच्या आईला तिनं रुमणं मिळवून दिलं आणि मला टोपी. वर मी त्या टोपीवर खूश होतो. मला त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की काठी फेकून द्यावीशी वाटली.

"आता सोड मला आत," तो म्हणाला.

समोर साहेबांची खिडकी होती आणि खिडकीत साहेबांचा चष्मा चमकत होता. मी काठी फेकली नाही. गेटही उघडलं नाही. काठी गजांवर आडवी धरून तसाच उभा राहिलो. त्यानं थोडा वेळ वाट बघितली. मग मान हलवली, जसं काही मी वेगळं करीन असं त्याला वाटलंच नव्हतं.

"दवाखान्यात जा," तो म्हणाला. "आजच जा." आणि जालना रोडकडं चालू लागला.

मी शिफ्ट पूर्ण केली. गुलामी अशी मुरलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पहिला होतो. बाईंनी टोपण काढायच्या आधीच मी सांगितलं की उजव्यानं तांबडं दिसत नाही, कधीपासून दिसत नाही, आणि मागच्या वेळी मी खोटं बोललो. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आणखी एक आठवडा गेला असता तर मी काही करू शकले नसते." त्याच दिवशी दाखल करून स्टेरॉइडची सलाईन लावली. पुढं मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवून डोळ्यामागचं हाड कापून नसेला जागा करून दिली. बिडी वॉर्डातच सुटली. बायकोनं काडेपेटी जप्त केली होती. डोळा वाचला. तांबडं आता तांबडं दिसतं.

तीन महिन्यांनी मुकुंदवाडीला परतलो तेव्हा शेजारच्या खोलीत नवं बिऱ्हाड होतं. कुणी म्हणालं तो गावी गेला, कुणी म्हणालं मुंबईला. करमाड म्हणजे एसटीनं किती लांब? मी गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन असं पुष्कळ दिवस म्हणालो, आणि मग म्हणायचंही सोडलं. मला लाज वाटत होती. ती अजून वाटते, म्हणून तर हे लिहितोय.

कंपनीत गेलो. साहेबांनी माझं तोंड नीट न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा पडला. "तू तर बरा झालास," ते म्हणाले. गेटवर तोवर एक पहिलवान ठेवला होता. मला परत बफिंगला पाठवलं. फोरमन मला शेडमधून खिडकीजवळच्या मशीनपाशी घेऊन गेला, जिथं माझा जोडीदार उभा राहायचा.

"हे घे," तो म्हणाला. "रिकामंच पडलंय. लई जपून वापरलंय त्यानं, काही बघावं लागायचं नाय."

मी तोंडाला फडकं बांधलं आणि मशीन चालू केलं.